सागरतळीच्या जहाजांचा शोधक

मागल्या श्रावणात आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात, समुद्रात बुडालेली जहाजे शोधून काढणाऱ्या एका गृहस्थांविषयी मी थोडेसे बोलले होते. बोलणे संपल्यावर चहा येईपर्यंत नेहमीप्रमाणे चर्चा झाली. तेव्हा आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या भगिनींनी विचारले, "अहो, जी माणसे गेली ती गेली. इतक्या वर्षांनी एवढा पैसा ओतून त्यांचे जहाज तळाशी कुठे पडले आहे हे कळून काय मिळायचे? तोच पैसा जिवंत माणसांवर का खर्चू नये?" प्रश्न रास्त होता. "तसे नव्हे हो," एवढेच म्हणून मी गप्प बसले, पण मनाला ती गोष्ट लागून राहिली. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा राहून गेलेले ते उत्तरच लिहून काढावे असे ठरवले.

त्या गृहस्थांचे नाव डेव्हिड मर्न्स. जन्म १९५८ सालचा, बालपण अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात गेले. प्रथम सागरी जीवशास्त्र व नंतर फ्लोरिडातील विद्यापीठात सागरी भूशास्त्र असा त्यांचा अभ्यास झाला. म्हणजे मूळचा पिंड शास्त्रज्ञाचा, धाडसी दर्यावर्द्याचा नव्हे. खोल समुद्रात शोधकार्य करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीत त्यांनी नोकरी धरली, पुढे इंग्लंडात स्थायिक झाले आणि 'ब्लू वॉटर रिकव्हरीज' ही संस्था चालवू लागले. १९९६ साली त्यांनी 'रिओ ग्रांदे' नावाचे महायुद्धकालीन जर्मन मालवाहू जहाज अटलांटिक महासागरात ५,७६२ मीटर खोलीवर शोधले. आपल्या कळसूबाईची उंची साधारण १,६४६ मीटर आहे. तशी तीन शिखरे एकावर एक रचली तरी ती त्या पाण्यात बुडून जातील!

एवढ्या खोलीवरचे जहाज सापडते तरी कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. सूर्याचा प्रकाश पाण्यात काही शे मीटरांपलीकडे पोचत नाही, तेव्हा डोळ्यांनी शोधण्याची सोयच नसते. मग तेथे कानांवर विसंबावे लागते. शोधनौकेच्या मागे कित्येक मैल लांबीची तार सोडतात आणि तिच्या टोकाला एक लांबट यंत्र बांधलेले असते. त्याला ती मंडळी 'मासा'च म्हणतात. हा मासा तळाच्या वर ठराविक उंचीवरून ओढत नेला जातो आणि दोन्ही अंगांना ध्वनीच्या लहरी सोडीत जातो. मऊ गाळावरून येणारा प्रतिध्वनी मंद असतो, पोलादावरून येणारा ठसठशीत. त्या प्रतिध्वनींचे चित्र वर नौकेत पडद्यावर उमटत जाते. शेतकरी जसा एका तासाला लागून दुसरे तास धरतो, तशी ही नौका बैलगाडीच्या चालीने पट्ट्याला पट्टा लावीत जाते. एक पट्टा संपला की एवढी लांब तार सांभाळून नौका वळवायलाच कित्येक तास लागतात. जहाजासारखे काही दिसले, तर मग दिवे व कॅमेरे लावलेले यंत्रमानव-यान खाली सोडून खात्री करून घेतात.

पण मर्न्स यांचे खरे काम समुद्रावर जाण्याच्या आधीच बरेचसे झालेले असते. दप्तरखान्यांतील जुने कागद, जहाजांच्या रोजनिशा, वाचलेल्या खलाशांच्या जबान्या, चौकशी समित्यांचे अहवाल हे सारे ते महिनेच्या महिने चाळतात. कोणी काय पाहिले, तेव्हा वारा कोठून होता, घड्याळ कोणत्या वेळेला लावलेले होते, हे ताडून पाहतात आणि अफाट समुद्रातून शोधण्याजोगा एक तुकडा काढून घेतात. समुद्रात बुडालेल्या जहाजाचा रस्ता कागदांतून जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

त्यांच्या नावाशी जोडलेला पहिला मोठा शोध 'लुकोना' या मालवाहू जहाजाचा. २३ जानेवारी १९७७ रोजी हे जहाज हिंदी महासागरात मालदीव बेटांच्या बाजूला बुडाले. बारा माणसांपैकी सहा प्राणास मुकली. जहाजात मोलाची यंत्रसामग्री होती असे सांगून ऊडो प्रोक्श नावाच्या व्हिएन्नातील एका बड्या असामीने विम्याची प्रचंड रक्कम मागितली. या इसमाची राजकारणातील वजनदार मंडळींशी ऊठबस होती. पुढे संशय बळावला, खटला उभा राहिला आणि न्यायालयाने जहाजाचा शोध घेण्याचा हुकूम दिला. १९९१ साली चार हजार मीटरांहून अधिक खोलीवर लुकोना सापडली. तिच्या अवशेषांवरून दिसले, की स्फोट जहाजाच्या आतूनच झाला होता. आरोपीला खुनाबद्दल शिक्षा झाली व तो पुढे कैदेतच वारला. या प्रकरणात ऑस्ट्रियाच्या गृहमंत्र्यांनाही पद सोडावे लागले. सहा गरीब खलाशांचा खून समुद्राच्या पोटात कायमचा जिरला असे ज्यांना वाटले होते, त्यांच्याविरुद्ध खुद्द समुद्राच्या तळानेच साक्ष दिली.

दुसरी हकीकत 'डर्बिशायर'ची. ती वाचताना मला पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले. हे ब्रिटनचे प्रचंड मालवाहू जहाज. कॅनडातून लोखंडाचे खनिज भरून ते जपानकडे निघाले होते. सप्टेंबर १९८० मध्ये जपानच्या दक्षिणेस ते एका तुफानात सापडले आणि नाहीसे झाले. संकटाची हाक म्हणून एक शब्दही कोणाला ऐकू आला नाही. जहाजावर ४४ जीव होते. त्यांत ४२ खलाशी व अधिकारी, आणि दोघींची सोबत होती. आपापल्या नवऱ्यांबरोबर प्रवासाला आलेल्या या दोन पत्नी होत्या.

मागे राहिलेल्या घरांनी चौकशीची मागणी केली. प्रथम सरकारने दाद दिली नाही. पुढे चौकशी झाली, तिचा निष्कर्ष १९८९ साली आला. जहाज बहुधा निसर्गाच्या प्रकोपाने बुडाले असावे, एवढेच त्यात होते. पण या घरांनी आपली संघटना उभी केली होती आणि तिच्यातील आया, बायका, बहिणी, भाऊ गप्प बसायला तयार नव्हते. शेवटी वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने खर्चाचा भार उचलला, आणि १९९४ साली मर्न्स यांच्या तुकडीने चार किलोमीटरांहून अधिक खोलीवर डर्बिशायरचे अवशेष शोधून काढले. त्यानंतरच्या मोहिमांत एक लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली गेली. १९९८ सालच्या एका अहवालाने तर दोष खलाशांच्याच माथी मारला. नाळेजवळच्या कोठाराचे झाकण त्यांनी नीट लावले नव्हते, असे त्याचे म्हणणे. घरच्या माणसांना हे ऐकून काय वाटले असेल! पण त्यांनी तेही मान्य केले नाही. २००० साली न्यायमूर्ती कोलमन यांच्यापुढे पुन्हा सुनावणी झाली आणि खरी हकीकत बाहेर आली. लाटांच्या माऱ्याने जहाजाच्या पुढच्या भागावरील हवेच्या नळ्या मोडल्या, त्यांतून पाणी आत शिरत गेले, नाळ खाली झुकली. मग लाटा थेट मालाच्या पहिल्या कोठाराच्या झाकणावर कोसळू लागल्या. ते झाकण त्या भाराला पुरे पडणारे नव्हते. ते फुटले, मग दुसरे, मग तिसरे. खलाशांचा त्यात काही अपराध नव्हता. यातून झाकणांच्या बळकटीचे नियम पुढे कडक झाले. 'जिवंत माणसांवर पैसा का खर्चू नये' या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. आज दूरच्या समुद्रावर खनिज वाहणाऱ्या जहाजांतले खलाशी त्या ४४ जणांच्या शोधामुळे थोडे अधिक सुरक्षित आहेत.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आजवर ती मी मंडळात कधी बोलले नाही.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळात उलटली व सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि कोकणातली घरेच्या घरे सुतकात बसली होती. माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीचे यजमान त्या बोटीवर होते. कित्येकांची प्रेते किनाऱ्याला लागली, यांचे लागले नाही. मावशीआजीने शेवटपर्यंत कोणाशी वाद घातला नाही की आकांत केला नाही. फक्त रोज दिवेलागणीला ओटीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवी. बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुऊन आत यावे म्हणून. सकाळी ते पाणी तुळशीला घाली. बारा वर्षे झाल्यावर घरच्या वडील मंडळींनी दर्भाचा पुतळा करून विधी उरकून घेतला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. मला नीट आठवते, विधी झाला, पाने वाढली गेली, मंडळी जेवली, आणि संध्याकाळी ओटीवर तांब्या भरलेला होता. कोणी तिला काही बोलले नाही.

मृत्यूची बातमी कळणे आणि मृत्यू मनाला पटणे यांत केवढे अंतर आहे, हे मी त्या ओटीवर पाहिले. ज्याला माती मिळाली, अग्नी मिळाला, त्याच्या माणसांना रडायला एक जागा असते. समुद्राने नेलेल्याच्या माणसांना ती नसते.

आता मर्न्स यांच्या पुढच्या मोहिमा पाहा. २४ मे १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराची 'हूड' ही युद्धनौका ग्रीनलंड व आइसलंड यांच्यामधल्या समुद्रात जर्मन 'बिस्मार्क'शी लढताना फुटून बुडाली. १,४१८ माणसांपैकी फक्त तिघे वाचले. जुलै २००१ मध्ये मर्न्स यांनी ती शोधली. त्या तिघांपैकी हयात राहिलेले एकटे टेड ब्रिग्ज तेव्हा म्हातारे झाले होते. त्यांना शोधनौकेवर नेण्यात आले, आणि मृत सोबत्यांची नावे असलेला स्मृतिफलक त्यांच्या हस्ते तळाशी सोडण्यात आला. पुढे २०१५ साली सरकारच्या परवानगीने नौकेची घंटा तेवढी वर काढली. २०१६ साली, बरोबर पंच्याहत्तर वर्षांनी, पोर्टस्मथ येथे ती पुन्हा वाजली.

ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' या युद्धनौकेचे दुःख तर याहून चमत्कारिक. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी व्यापारी जहाजाचे सोंग घेतलेल्या जर्मन 'कोर्मोरान'शी तिची गाठ पडली. दोन्ही बुडाली. कोर्मोरानवरचे तीनशेहून अधिक लोक वाचले, सिडनीवरच्या ६४५ पैकी एकही नाही. युद्धाची हकीकत सांगायला उरला तो शत्रूच. मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? जर्मनांनी दगा दिला, पाण्यात पडलेल्यांना गोळ्या घातल्या, अशा नाना वावड्या साठ वर्षे उठत राहिल्या. कोर्मोरानचा कप्तान डेटमर्स याने कैदेत असताना एका शब्दकोशातील अक्षरांखाली पेन्सिलीने बारीक टिंबे देऊन लढाईचा सारा वृत्तान्त गुप्तपणे नोंदवून ठेवला होता. मर्न्स यांनी असले कागद बारकाईने तपासले आणि जर्मन कैदी खरे बोलत होते असे धरून शोधाची जागा आखली. मार्च २००८ मध्ये चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन्ही जहाजे सापडली, आणि सिडनीच्या अंगावरील घाव जर्मनांच्या कथनाशी जुळले. शत्रू खोटे बोलत नव्हता, हे मान्य करणे सोपे नसते. पण साठ वर्षे मनात बाळगलेल्या विखारापेक्षा ते सत्य त्या वृद्ध बहिणींना व मुलांना अधिक सोसवले असेल, असे मला वाटते.

आपल्या मंडळातील परिचारिका भगिनींसाठी 'सेंटॉर'ची हकीकत मुद्दाम सांगते. ही ऑस्ट्रेलियाची इस्पितळ-नौका होती. पांढरा रंग, मोठे लाल क्रूस, रात्री दिव्यांचा झगमगाट, कोणालाही ओळखू यावी अशी. तरीही १४ मे १९४३ रोजी पहाटे क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापुढे जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. तीन-चार मिनिटांत ती बुडाली. ३३२ पैकी २६८ माणसे गेली. बारा परिचारिकांपैकी अकरा गेल्या, एकट्या सिस्टर एलेन सॅव्हेज वाचल्या. त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या, नाकाचे हाड मोडले होते, कानांचे पडदे फाटले होते. पण तराफ्यावर दीड दिवस त्यांनी आपल्या जखमा लपवून इतरांची शुश्रूषा केली, त्यांना धीर दिला. त्यांना पुढे जॉर्ज पदक मिळाले. त्या अकरा मृत भगिनींचा सूड घ्या, अशी भित्तिपत्रके युद्धकाळात निघाली. पण त्या कोठे विसावल्या आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. २० डिसेंबर २००९ रोजी मर्न्स यांनी २,०५९ मीटर खोलीवर सेंटॉर शोधली. वाचलेल्या एका अधिकाऱ्याने १९४३ सालीच जी जागा सांगितली होती, तिच्या अगदी जवळ ती निघाली. त्याच्या सांगण्यावर पुढे पुष्कळांनी शंका घेतली होती! कॅमेऱ्याला लाल क्रूस दिसला, एका सैनिकाची टोपी दिसली. तेथून एकही वस्तू उचलली नाही. स्मृतिफलक ठेवून मंडळी परत फिरली. सिस्टर सॅव्हेज मात्र १९८५ सालीच निवर्तल्या होत्या.

येथवरची सारी हकीकत शूर व निरपराध माणसांची झाली. पण समुद्र केवळ त्यांचीच साक्ष जपतो असे नाही. मर्न्स यांच्या संस्थेने १९९८ साली ओमानच्या हल्लानिया बेटाजवळ, अगदी उथळ पाण्यात, एका पुरातन पोर्तुगीज जहाजाची जागा शोधली. २०१३ ते २०१५ या काळात ओमान सरकारबरोबर तेथे उत्खनन झाले. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतील 'एस्मेराल्दा' हे ते जहाज असावे असा निष्कर्ष निघाला. त्याचा नायक होता गामाचाच मामा, व्हिसेंते सोद्रे. या उत्खननात २,८०० हून अधिक वस्तू मिळाल्या. त्यांत १४९८ साल कोरलेली घंटा आहे, हिंदुस्थानच्या व्यापारासाठी पाडलेले 'इंदियो' नावाचे अत्यंत दुर्मिळ रुप्याचे नाणे आहे, आणि सूर्याची उंची मोजण्याचे एक यंत्र आहे. त्या धातूच्या तबकडीवरचे अंश झिजून दिसेनासे झाले होते, ते इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठात किरणांच्या साहाय्याने पुन्हा वाचले गेले.

याच ताफ्याने १५०२ साली मलबारच्या किनाऱ्यापुढे मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. जहाजावरच्या बायका अंगावरचे दागिने दाखवीत आणि तान्ही मुले वर धरून दया मागत होत्या, असे ताफ्यातील एका पोर्तुगीज कारकुनानेच लिहून ठेवले आहे. पुढे गामा स्वदेशी परतला. कोची व कण्णूर येथील वखारींचे रक्षण करण्याचे काम सोद्रे बंधूंवर सोपवले होते. ते सोडून हे दोघे अरबस्तानाच्या बाजूला व्यापारी गलबते लुटायला गेले. मे १५०३ मध्ये हल्लानियाच्या रहिवाशांनी त्यांना बजावले, की वादळ येणार, गलबते हलवा. आपले लोखंडी नांगर भक्कम आहेत, या घमेंडीत त्यांनी ऐकले नाही. वादळ आले, दोर तुटले, एस्मेराल्दा खडकांवर आपटली आणि व्हिसेंते सोद्रे माणसांसह बुडाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात वास्को द गामा म्हणजे एक सन आणि एक जलमार्ग. त्या घंटेने आणि नाण्याने मला त्याची दुसरी बाजू पुन्हा वाचायला लावली. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनीही सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले आहेत. त्यांत हस्तिदंत आणि चिनी मातीची भांडी मिळाली. आपल्याच किनाऱ्याच्या पोटात केवढा इतिहास आहे!

या साऱ्या कामाला दुसरी बाजू नाही असे मी म्हणत नाही. बुडालेली जहाजे शोधणाऱ्यांत सोन्याच्या मागे लागलेले लोक पुष्कळ आहेत. जेथे माणसे चिरनिद्रा घेत आहेत ती जागा धुंडाळू नये, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे मला हलके वाटत नाही. परंतु पाहावे आणि स्पर्श करू नये, घ्यायचे तर घरच्यांच्या व सरकारच्या संमतीने घ्यावे, हा दंडक पाळला गेला, तर शोध म्हणजे विटंबना नव्हे. २०१९ साली एक तरुण अर्जेंटिनी फुटबॉलपटू विमानासह इंग्लंड-फ्रान्समधील खाडीत नाहीसा झाला. सरकारी शोध तीन दिवसांत थांबला. घरच्यांच्या वतीने निघालेल्या मोहिमेत मर्न्स यांनी ते विमान शोधले आणि त्या मुलाचा देह त्याच्या गावी पोचला. त्याच्या आईला तुम्ही 'काय मिळाले' असे विचाराल का?

तर वडीलधाऱ्या भगिनींच्या प्रश्नाला माझे उत्तर हे असे आहे. जहाज सापडल्याने गेलेला माणूस परत येत नाही. पण खून झाला असेल तर खुनी सापडतो, खोटा आळ असेल तर तो पुसला जातो, शत्रू खरे बोलला असेल तर तेही कळते, आणि वाट पाहणाऱ्याला कोठे पाहावे हे ठाऊक होते. एवढे मिळत असेल तर तो खर्च मला अनाठायी वाटत नाही.

मर्न्स यांचा रस्ता कागदांतून गेला, हे मी वर म्हटले आहे. वाचलेल्यांनी सांगितले आणि कोणी तरी लिहून ठेवले, म्हणून जहाजे सापडली. आमच्या घरात 'रामदास'विषयी लिहिलेली एक ओळ नाही. मावशीआजीला कोणी काही विचारले नाही, मीही नाही. ती गेली तेव्हा तो तांब्या माझ्याकडे आला, पण त्याची गोष्ट सांगणारी आता मी एकटीच उरले आहे. आपल्यातील ज्या भगिनींच्या घरी त्या दिवसाच्या, किंवा दर्यावर गेलेल्या कोणत्याही माणसाच्या आठवणी असतील, त्यांनी त्या साध्या वहीत, जशा सुचतील तशा लिहून मंडळाच्या कपाटात आणून ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली वही मी ठेवीत आहे.